बंद पडलेलं पोकलेन ओढताना

मी उमरेडचा, बावीस वर्षं डोझरवर आहे. खाणीत पोकलेन बंद पडलं की सगळे आधी डोझरनं ओढायला वायर रोप, म्हणजे पोलादी दोर, शोधतात. थांबा भाऊ, आधी ट्रॅकखाली, म्हणजे चाकांच्या जागी असलेल्या लोखंडी पट्ट्याखाली, ठोकळे लावा. इंजिन बंद असलं की आतला स्प्रिंगचा ब्रेक ट्रॅक आवळून धरतो. तसंच ओढलं तर फायनल ड्राइव्हचं, म्हणजे ट्रॅक फिरवणाऱ्या गिअरचं, वाटोळं होतं. मेकॅनिकनं मॅन्युअल बघून तो ब्रेक मोकळा केला, की मशीनला थांबवणारं काहीच उरत नाही. म्हणून उतारावर रोखून धरायला मागे दुसरा डोझर बांधायचाच. यात मी कुणाचं ऐकत नाही.

फ्रेमवरचं छोटं भोक हलक्या ओझ्यासाठी असतं. रोप फ्रेमला गुंडाळा, धारदार कडेला जाड रबर द्या. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत ट्रॅक रुतला असेल तर आधी समोरची माती उकरा. रोप हळूहळू ताणला गेला की मगच ठोकळे काढा. पुढे सरळ रेषेत, मुंगीच्या चालीनं.

रोपाच्या दुप्पट लांबीच्या आत माणूस नको. तुटलेला रोप केबिनची काच फोडून गेलेला मी पाहिला आहे. ऑपरेटर खाली वाकला होता म्हणून वाचला. इशारा एकानंच द्यायचा. जागेवर पोचलं की आधी ठोकळे, मग रोप सैल.