एक नाव माझं, एक भुतांसाठीचं

टोपणनाव घ्यायचं ठरवलंत, तर आधी पत्त्याचं बघा. माझी पहिली भयकथा एका दिवाळी अंकात आली तेव्हा संपादकांनी अंक घरी पाठवला, पाकिटावर टोपणनाव घालून. पोस्टमनने सोप्यावर बसलेल्या सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "हो मनीस हांगा रावना." अंक परत गेला. त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्या नावाचा माणूस कुठेच राहत नव्हता.

मी डिचोलीच्या बाजूची, बँकेत काउंटरवर बसते. बँकेत नोकरी करून मराठी लिहिणाऱ्या बायका गोव्यात बहुधा इतक्या आहेत की एवढ्यावरून मी सापडणार नाही. स्वतःच्या नावावर चार कादंबऱ्या आहेत. त्यांना 'संयत' म्हणतात आणि पाचशेची आवृत्ती संपायला सहा-सात वर्षं लागतात. दुसऱ्या नावाने, म्हणजे पुरुषाच्या नावाने, भयकथांचे तीन संग्रह आहेत. ते सासूबाई वाचतात. असा दुहेरी संसार मांडायचा विचार करणारे अधूनमधून भेटतात, दर वेळी तेच सांगावं लागतं, म्हणून एकदाच लिहून काढते.

टोपणनाव कशासाठी हवंय ते आधी ठरवा. गडकरी कवितेला गोविंदाग्रज होते, विनोदाला बाळकराम आणि नाटकाला राम गणेश गडकरी. त्यात लपवाछपवी नव्हती. वाचकाला आज कुठल्या पानावर बसायचं हे कळावं, एवढंच काम त्या नावांचं. पहिला दिवाळी अंक १९०९ साली काढणारे 'मनोरंजन'चे का. र. मित्र हेही मूळचे आजगावकर. नुसती पाटी हवी असेल तर सगळं सोपं आहे, प्रकाशन समारंभालासुद्धा जाता येतं. लपायचं असेल तर पुढचं सगळं वाचा.

नाव निवडताना गोव्यात एक चूक हमखास होते, मीही केली. आडनाव '-कर' घेऊ नका. महाराष्ट्रात ते खपून जातं. आमच्याकडे पहिला प्रश्न "तो खंयचो?" हाच असतो आणि '-कर' म्हणजे त्याचं अर्धं उत्तर. माझं पहिलं टोपणनाव पेडण्याकडच्या एका गावावरून होतं. कथा छापून आली आणि महिन्याभरात त्या गावचे एक गृहस्थ बँकेत दुसऱ्या ग्राहकाला सांगत होते, हा लेखक आमच्या वाड्यावरचाच, मुंबईला असतो, देवळाच्या वर्गणीला कधी पैसे देत नाही. मी पासबुक छापत होते. पुढच्या कथेला नाव बदललं. आताचं आडनाव असं आहे की ते कुठेही खपतं आणि कुठलंच वाटत नाही. नाव पक्कं करण्याआधी पणजीला पाटो भागातल्या कृष्णदास शामा ग्रंथालयात बसून त्या नावाचा दुसरा मराठी लेखक नाही ना, हेही बघून घेतलं. तुम्हीही कुठल्या तरी मोठ्या ग्रंथालयाची सूची चाळा. आणि नाव भीतिदायक नको. भयकथाकाराचं नाव पतपेढीच्या सेक्रेटरीसारखं असावं.

पैशाचं थोडक्यात सांगते. पॅन एकच, खातं एकच, दोन्हीवर खरं नाव. मला दीड हजाराचा एक चेक टोपणनावाने आला. तो भरणार कुठे? माझ्याच शेजारच्या काउंटरवरच्या सहकाऱ्याने उलटसुलट करून विचारलं, "वयनी, हो कोण?" मी म्हटलं, नवऱ्याच्या गॅरेजचं गिऱ्हाईक. चेक तीन महिने चालतो, नंतर कागद. तो कागद माझ्याकडे अजून आहे. तेव्हा संपादकाला पहिल्याच पत्रात तीन गोष्टी कळवा : छापायचं नाव, चेकवरचं नाव, पाकिटावरचं नाव. माझी पाकिटं आता गॅरेजच्या पत्त्यावर येतात. किंडलवर स्वतः पुस्तक टाकणार असाल तर तिथे खातं खऱ्या नावाचं आणि लेखकाच्या रकान्यात टोपणनाव, असं सरळ चालतं.

कराराचं मात्र सावकाश वाचा, कारण इथे बहुतेक जण 'हो हो' म्हणून सही करतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार स्वतःच्या नावाने छापलेल्या पुस्तकाचा हक्क तुम्ही असेपर्यंत आणि तुमच्यानंतर ६० वर्षं राहतो. टोपणनावाच्या पुस्तकाचा हक्क छापल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. म्हणजे २०१६ साली आलेला संग्रह २०७६ च्या अखेरीला मोकळा. पण त्याआधी लेखक कोण हे जाहीर झालं, तर हिशेब पुन्हा मृत्यूनंतरच्या ६० वर्षांवर येतो. मी २०५० पर्यंत टिकले असं धरा, मग तेच पुस्तक २११० पर्यंत मुलांच्या हाती राहतं. नाव किती काळ झाकायचं, हा असा पैशाचाही प्रश्न आहे. दुसरं, हक्क किती वर्षांसाठी दिले हे करारात लिहिलं नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, आणि कुठल्या प्रदेशासाठी हे नसेल तर भारत. ऑडिओचा हक्क वेगळा लिहून घ्या. भयकथा लोक वाचण्यापेक्षा ऐकतात जास्त, पणजी-डिचोली बसमध्ये कानात बोंडं घालून.

आता लिहिण्याकडे येते. लोकांना वाटतं, साहित्यिक कादंबरी म्हणजे मेहनत आणि भयकथा म्हणजे डावा हात. मलाही वाटायचं. पहिली भयकथा आधी एकदा परत आली तेव्हा संपादकांनी समासात एवढंच लिहिलं होतं : भाषा छान, भीती कुठाय?

आमच्या तालुक्यात २०१२ साली खाणी बंद पडल्या. कर्जावर घेतलेले ट्रक दारात उभे राहिले, आणि खड्ड्यातलं पाणी उपसणारे पंप थांबल्यावर दोन-तीन पावसाळ्यांत खड्ड्यांची हिरवी तळी झाली. तोच खड्डा मी दोन्ही नावांनी लिहिला. माझ्या नावाने असा :

"खड्डा भरला तसा दामोदर रोज तिन्हीसांजेला काठावर जाऊन उभा राहू लागला. बायकोने विचारलं की म्हणायचा, ट्रक बघून आलो. ट्रक घराच्या मागे होता."

आणि दुसऱ्या नावाने असा :

"खड्डा रस्त्यापासून ४० पावलांवर. काठाला तारेचं कुंपण, त्यात माणूस वाकून आत जाईल एवढी एक फट. पंपाची मोटर चोरांनी २०१३ सालीच काढून नेली होती, तिथे नुसता सिमेंटचा कट्टा होता. त्या रात्री अडीचला दामोदरला जाग आली ती पंपाच्या आवाजाने."

पहिल्या उताऱ्यात मी वाचकाला दामोदरच्या मनाबाहेर उभं केलंय. तो काठावर का जातो, ते मी सांगत नाही. "ट्रक घराच्या मागे होता" एवढ्या वाक्यावर थांबते, पुढचं वाचकाने करायचं. दुसऱ्यात तो काय विचार करतो याला महत्त्वच नाही. तिथे अंतर लागतं, कुंपण लागतं, फट लागते, आणि सगळ्यात आधी मोटर नाही हे लागतं. पहिल्या खर्ड्यात मोटरीचं वाक्य नव्हतं. तेव्हा पंपाचा आवाज हा नुसता पंपाचा आवाज होता, आणि ती उणीव भरायला मी "त्याच्या काळजाचा ठोका चुकला" असं लिहिलं होतं. मोटर चोरीला गेली आणि काळजाचं वाक्य खोडता आलं. तुमच्या भयकथेत छाती धडधडत असेल, घाम फुटत असेल, तर मागच्या दोन पानांत कसली तरी मोटर काढून न्यायची राहिलीय असं समजा.

फट तिसऱ्या पानावर वापरली. ती पहिल्या परिच्छेदात आली नसती, तर तिसऱ्या पानावर ऐन वेळी कुंपण कापावं लागलं असतं, आणि वाचकाला कात्रीचा आवाज ऐकू येतो.

याचा उलटा फायदाही झाला. तिसऱ्या कादंबरीत एका घरात चार माणसं जेवायला बसतात. भयकथा लिहायला लागल्यापासून मला, दाराकडे पाठ कोणाची आहे, हे ठाऊक असल्याशिवाय तसा प्रसंग लिहिता येत नाही.

भुतं कुठून आणायची? बाहेरून मागवू नका, पण घरची वापरताना जपून. आमच्याकडे देवचार म्हणजे राखणदार. हातात दांडा, खांद्यावर कांबळं, रात्री गावाची शीव फिरतो, त्याला रोट आणि सोरो, म्हणजे दारू, देतात. ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या तोंडी तोच शब्द सैतानासाठी येतो. एकाच शब्दाने एक घर हात जोडतं आणि दुसरं क्रूस काढतं, तेव्हा कथा कोणाच्या घरातून सांगताय ते पहिल्या वाक्यात ठरलं पाहिजे. शिगम्यात होळीच्या पुनवेला साळ गावी गड्यांच्या, म्हणजे त्या विधीत उतरणाऱ्या गावकऱ्यांच्या, उत्सवाला एकदा जाऊन या. दिवे मालवून हजारो माणसं काळोखात डोंगराकडे बघत उभी असतात, देवचार गड्याला घेऊन जातो म्हणून. तिथली भीती किंचाळत नाही. ती अदबीने उभी राहते. राखणदाराला रक्तपिपासू केलंत तर गोव्यातला वाचक घाबरणार नाही, रागावेल.

मी त्याला खलनायक केलं नव्हतं, तरी फसले. आमच्या वाड्यावरच्या राखणदाराची जागा कथेत घेतली, गाव बदललं, झाड बदललं, एक फुटकी पायरी मात्र तशीच राहिली. सासूबाईंनी अंक वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "ह्या मनशाक आमच्या राखणदाराची कशी खबर?" दुसऱ्या दिवशी त्यांनी रोट ठेवायला लावला. सोऱ्याची बाटली मीच धरून चालले होते. आता जागा घेतली की तिच्यातली तीन चिन्हं बदलते, आणि सगळ्यात लहान चिन्ह सगळ्यात आधी.

पकडली गेले ते मात्र पायरीमुळे नाही. तालुक्याच्या वाचनालयातल्या एका पोराने माझी कादंबरी आणि 'त्याचा' संग्रह एकाच वेळी परत घेतले, शिक्का मारला आणि म्हणाला, "मॅडम, हे दोगूय 'बहुधा' खूब म्हणटात." मी हसून छत्री उघडली, वाचनालयाच्या आतच.

२०१३ साली 'हॅरी पॉटर'वाल्या रोलिंगबाईंचं पुरुषी टोपणनाव उघडं पडलं, तेव्हा संगणकाने तपासले होते ते जड शब्द नव्हेत. शब्दांची लांबी, वारंवार येणारे चिल्लर शब्द, शब्दांच्या जोड्या, असलंच सगळं. मोठे शब्द आपण निवडतो, चिल्लर हातातून गळते. तेव्हा दोन्ही हस्तलिखितांत आपले लाडके चिल्लर शब्द मोजा. माझ्या कपाटाच्या दाराला आतून एक पुठ्ठा चिकटवलाय. डावीकडे माझे : काळोख, तिन्हीसांज, बहुधा, उगाच. उजवीकडे त्याचे : अंधार, संध्याकाळ, नक्की, मुद्दाम. वरच्या दोन उताऱ्यांत बघा, तिन्हीसांज एकीकडेच आहे. 'बहुधा' त्याला पूर्ण बंद. नुसतं लपण्यासाठी नाही, तर भयकथेत सांगणाऱ्याने शंका घेतली की वाचकाची शंका फुकट जाते म्हणूनही. (या लेखात मी तो आवरलाय, तरी दोनदा सुटलाच.)

रोलिंगबाईंची बातमी मुळात फुटली ती वकिलाच्या घरच्या ओळखीतून, हेही ध्यानात असू द्या. ज्याला सांगाल त्याच्या बायकोला, नवऱ्याला, मासळी बाजारातल्या मैत्रिणीला सांगितलं असंच धरा. संपादक सोडले तर माझ्याकडे तिघांना माहीत आहे : नवरा, प्रकाशक आणि बहुधा तो वाचनालयातला पोर.

वेळेचं म्हणाल तर दोन्ही एकाच दिवशी लिहू नका. भयकथा मी मार्च ते जून लिहिते, कारण दिवाळी अंकांची मागणी उन्हाळ्यात येते आणि जुलैनंतर पाठवलेलं सहसा पुढच्या वर्षावर जातं. पाऊस लागला की कादंबरी. मधले आठ दिवस काहीच नाही, कोकमं वाळवते.

शेवटचं काम सगळे पुढे ढकलतात, तुम्ही ढकलू नका. एका कागदावर टोपणनाव, त्या नावाची पुस्तकं, वर्षं, प्रकाशक, करारांच्या प्रती आणि "हे सगळं मी लिहिलं आहे" ही ओळ, खाली सही, तारीख आणि दोन साक्षीदार. ते सीलबंद पाकीट लॉकरमध्ये ठेवा. साक्षीदाराला मजकूर वाचायची गरज नसते, सही तुमची आहे एवढंच त्याने बघायचं. माझ्या कागदावर दुसरी सही सासूबाईंची आहे. त्यांना सांगितलं, बँकेचं काम आहे. त्यांनी सही केली, पेन परत दिलं आणि विचारलं, तुमच्या त्या माणसाचा अंक यंदा कधी येणार?

'तुमच्या' का म्हणाल्या, ते मी अजून विचारलेलं नाही.