खाऱ्या हवेत जुनं फेव्हर-ल्युबा

माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान वेंगुर्ल्यात आहे. कुणी जुनं फेव्हर-ल्युबा घड्याळ दाखवायला आणलं की मी आधी किल्ली, म्हणजे चावी द्यायचं बाजूचं बटण, बघतो. खारी हवा तिथूनच आत शिरते.

तेव्हा घेण्याआधी मागचं झाकण उघडायला लावा. विकणारा नको म्हणाला, तर सरळ उठून या. स्टेमच्या, म्हणजे किल्लीच्या आत जाणाऱ्या दांडीच्या, आसपास तांबूस पूड दिसली की आत गंज चढलाय. मग भिंगाखाली डायल बघा. रंग भडक नारिंगी किंवा निळा आणि अक्षरं पसरलेली असली तर डायल नव्याने रंगवलेली आहे. मला खरवडलेली का असेना, पण मूळ डायल केव्हाही प्यारी.

ही कंपनी अब्राहम फेव्हरने १७३७ मध्ये स्वित्झर्लंडच्या ल लोक्ल गावी सुरू केली. त्याच घराण्यातले फ्रिट्झ फेव्हर १८६५ मध्ये भारतात आले. मुंबईत धंद्याचा जम बसला, म्हणून तर आपल्याकडच्या जुन्या कपाटांत आजही या कंपनीची सी चीफ, सी किंग ही मॉडेलं सापडतात. १९६२ चं बिव्हॅक तर हवेच्या दाबावरून उंची सांगायचं! पुढे बॅटरीच्या घड्याळांनी चावीच्या घड्याळांचं कंबरडं मोडलं. २०११ मध्ये टायटनने हे नाव विकत घेतलं, पण जुन्या मशीनचे सुटे भाग आम्ही अजूनही दुसऱ्या बंद घड्याळातूनच काढतो. त्यामुळे आतलं मशीन धड असणं सगळ्यात महत्त्वाचं.

चावी रोज सकाळी, एकाच वेळी, घड्याळ मनगटावरून काढून द्या. हाताला अडल्यासारखं लागलं की थांबा. डायलवर ‘ट्विन पॉवर’ असेल तर आत चावीच्या स्प्रिंगचे दोन डबे आहेत. त्यालाही हाच नियम.

नावात ‘सी’ आहे म्हणून समुद्रात उतरू नका. इतक्या वर्षांत आतलं रबर कडक झालेलं असतं. संध्याकाळी घाम कोरड्या सुती फडक्याने पुसा, विशेषतः पट्ट्याच्या दांड्यांपाशी. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा.

आणि काचेखाली वाफ दिसली तर उन्हात ठेवू नका, तांदळात पुरू नका. त्याच दिवशी दुकान गाठा. खारं पाणी रात्रभर राहिलं तर हेअरस्प्रिंग, म्हणजे घड्याळाचा ठेका राखणारी केसासारखी बारीक स्प्रिंग, गंजते, आणि तशी दुसरी शोधताना महिने जातात.