थंडीत डिझेल गाडीचं ॲव्हरेज पडलं? हीटरच्या बाबतीत या चुका टाळा

महाराष्ट्रातून जर्मनीत आलेल्या माणसाने सेकंडहँड डिझेल गाडी घेतली, की पहिल्या हिवाळ्यात दोन तक्रारी ठरलेल्या. एक, ॲव्हरेज धाडकन पडलं. दोन, गाडी बंद करून किल्ली खिशात टाकली तरी पुढच्या चाकाजवळून घरघर येते आणि डिझेलचा वास सुटतो. दोन्हींचा ठपका हीटरवर बसतो आणि गोष्ट फ्यूज उपटण्यापर्यंत जाते. माझ्या मते हीटरला उगाच झोडपलं जातं. तो डिझेल पितो हे खरं, पण किती वेळ प्यायचं हे त्याच्या हातात नसतं.

आपल्या गाडीत कोणता हीटर आहे, तेच न बघणे

नवी डिझेल इंजिनं कमी इंधनात काम भागवतात, म्हणजेच उष्णता कमी वाया घालवतात. पण केबिन गरम होते ती याच वाया जाणाऱ्या उष्णतेवर. म्हणून कंपन्या जोडीला मदतनीस हीटर देतात आणि त्याचे दोन प्रकार असतात.

पहिला विजेवरचा, पीटीसी. तो डॅशबोर्डच्या आत बसतो आणि साधारण एक किलोवॅट घेतो. म्हणजे ऑल्टरनेटरवर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा भाग) सत्तरेक अँपिअरचा बोजा, आणि तो ओढणार शेवटी इंजिनच. हा हीटर धूर किंवा आवाज करत नाही, त्यामुळे तो आहे हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं.

दुसरा डिझेल जाळणारा. वेबास्टो किंवा एबरश्पेशरचा छोटा बर्नर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, गरम करतो. त्याला टाकीतून वेगळी नळी असते, वेगळा छोटा पंप असतो आणि धूर सोडायला स्वतःची नळी असते. इंजिन चालू असतानाच चालतो तो त्सुहाइत्सर. इंजिन बंद असताना रिमोट किंवा टायमरवर चालतो तो श्टांडहाइत्सुंग. त्सुहाइत्सर साधारणपणे बाहेर ५ अंशांच्या खाली गेलं आणि कूलंट थंड असेल तरच पेटतो.

गाडी बंद केल्यावरची घरघर या दुसऱ्या प्रकारातली. ज्योत विझल्यावर बर्नर थंड करायला पंखा दोन-तीन मिनिटं फिरतो. तो बिघाड नव्हे. त्या वेळात बॅटरीची वायर मात्र काढू नका, तापलेला बर्नर तसाच राहतो आणि खराब होतो.

स्क्रीनवरच्या आकड्यावर विश्वास ठेवणे

ट्रिप कॉम्प्युटर इंजेक्टरने किती डिझेल सोडलं त्यावरून हिशेब करतो. बर्नरचा पंप वेगळा, त्यामुळे त्याने ओढलेलं डिझेल त्या हिशेबात सहसा येतच नाही. उन्हाळ्यात स्क्रीन आणि पेट्रोल पंपाची पावती जवळपास जुळतात, हिवाळ्यात फाटतात, आणि माणूस म्हणतो टाकी गळतेय. टाकी फुल्ल करून पुन्हा फुल्ल करेपर्यंतचे किलोमीटर आणि लिटर, एवढाच हिशेब खरा धरा.

आता बर्नर नेमकं किती पितो? पाच किलोवॅटचा हीटर पूर्ण जोरावर तासाला सुमारे ०.६ लिटर घेतो. समजा ऑफिस ८ किलोमीटरवर आहे आणि सिग्नल धरून पंधरा मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात ०.१५ लिटर जळलं. १०० किलोमीटरला पसरवलं तर जवळजवळ दोन लिटरचा फरक! तीच गाडी शनिवारी १५० किलोमीटर ऑटोबानवर (जर्मन एक्सप्रेसवे) नेली, तर पहिल्या पंधरा मिनिटांत इंजिन तापतं, बर्नर विझतो आणि फरक उरतो १०० किलोमीटरला ०.१ लिटर. हीटर तोच, थंडीही तीच.

शिवाय थंडीत ॲव्हरेज पाडणारे हीटरशिवायही आहेत. उणे १० अंशांची हवा २० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे अकरा टक्के दाट असते, हायवेला ती कापत जावं लागतं. टायरचं प्रेशर दर १० अंशांमागे साधारण ०.१ बार उतरतं. ऑक्टोबरमध्ये विंटर टायर चढवले आणि जानेवारीपर्यंत हवा तपासलीच नाही, तर हीटरच्या नावाने बोटं मोडण्यात अर्थ नाही.

जागेवर इंजिन चालू ठेवून गाडी ‘तापवणे’

थंड डिझेल इंजिन नुसतं चालू ठेवलं तर तापत नाही, फक्त डिझेल जाळतं. काचा खरवडेपर्यंत दहा मिनिटं चालू ठेवलेल्या गाडीचा तापमानाचा काटा बघा, जेमतेम हललेला असतो. जर्मनीत विनाकारण इंजिन चालू ठेवायला वाहतूक नियमांतच बंदी आहे, दंड होतो, आणि त्याआधी समोरच्या बिल्डिंगमधल्या आजी खिडकी उघडून ऐकवतात ते वेगळंच. काच साफ करा, सेल्फ मारा, निघा, आणि पहिले काही किलोमीटर इंजिन फार ताणू नका.

निघाल्यावर ब्लोअर फुल्लवर टाकण्याची घाईही नको. कूलंटमध्ये जमलेली थोडी उष्णता लगेच ओढून घेतली की इंजिन आणखी उशिरा तापतं. क्लायमेट ऑटोवर ठेवलं तर ते स्वतःच पंखा आधी मंद ठेवतं. सीट हीटर असेल तर खुशाल लावा. एका सीटला शंभर वॅटच्या आसपास लागतात, एक किलोवॅटच्या पीटीसीपुढे ते काहीच नाही.

थर्मोस्टॅटकडे दुर्लक्ष

ही सगळ्यात महागाची चूक, आणि सगळ्यात जास्त होणारी.

थर्मोस्टॅटचं काम एकच: इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणं. जुना झाला की तो बऱ्याचदा अर्धवट उघडा अडकतो. उन्हाळ्यात पत्ता लागत नाही. हिवाळ्यात मात्र रेडिएटर पहिल्या मिनिटापासून कूलंट गार करत बसतो, इंजिन ६५-७० अंशांच्या वर जातच नाही. थंड इंजिन जास्त डिझेल मागतं, वर कूलंट थंड दिसल्याने मदतनीस हीटर अख्ख्या रस्त्यावर चालूच राहतो. भोक पडलेल्या बादलीत दोन नळ सोडल्यासारखं. त्यात डीपीएफचं (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) रिजनरेशन, म्हणजे साठलेली काजळी जाळणं, नीट होत नाही, फिल्टर भरतो, आणि वर्कशॉपचं बिल हीटरच्या डिझेलपेक्षा कितीतरी मोठं येतं.

ओळखायचं कसं? ऑटोबानवर अर्धा तास झाला तरी काटा ९० वर पोचला नाही, किंवा लांब उतारावर ॲक्सिलरेटर सोडल्यावर खाली सरकला, तर संशय घ्या. काही गाड्यांचा काटा मात्र फसवतो. फोक्सवॅगन ग्रुपच्या बऱ्याच गाड्यांत कूलंट ७५ च्या आसपास असतानाही काटा सरळ ९० दाखवतो. त्यामुळे गाडीच्या डायग्नोस्टिक सॉकेटमध्ये स्वस्तातला ओबीडी ॲडॅप्टर लावून मोबाइलवर खरा आकडा बघितलेला बरा. पी०१२८ हा एरर कोड दिसला तर इंजिन हवं तेवढं तापत नाही असा अर्थ, आणि पहिला संशयित थर्मोस्टॅटच. हीटरला हात लावण्याआधी हे करा.

फ्यूज काढून हीटर ‘बंद’ करणे

थोडं डिझेल वाचतं, पण महिनोन्‌महिने न चालवलेल्या बर्नरच्या नळीतलं जुनं डिझेल चिकट होतं आणि पुढच्या हिवाळ्यात तो पेटत नाही. उन्हाळ्यातसुद्धा श्टांडहाइत्सुंग महिन्यातून एकदा दहा मिनिटं चालवायला सांगतात ते याचसाठी. त्सुहाइत्सर नकोच असेल तर काही गाड्यांत क्लायमेटच्या मेनूतून तो बंद करता येतो, आधी तिथे शोधा.

पेटताना काही सेकंद पांढरा धूर आला तर चालतं. येतच राहिला, डोळे चुरचुरायला लागले, तर आत काजळी बसली आहे किंवा पेटवणारी ग्लो पिन थकली आहे. बर्नर चालू होताना खाली वाकून कान द्या: छोट्या पंपाची ठरावीक टिक-टिक ऐकू येते. टिक-टिक आहे पण ज्योत धरत नाही, असं बऱ्याचदा झालं की हीटर स्वतःला लॉक करतो आणि तो डायग्नोस्टिक मशीन जोडून उघडावा लागतो. टिक-टिकच नसेल तर आधी बॅटरी आणि टाकी बघा. व्होल्टेज कमी असेल किंवा रिझर्व्हचा दिवा लागला असेल, तर बऱ्याच गाड्यांत हीटर सुरूच होत नाही.

बॅटरीचा मुद्दा श्टांडहाइत्सुंगवाल्यांना जास्त लागू. जितका वेळ हीटर चालवला तितका वेळ गाडी चालवा, हा साधा हिशेब. सकाळी अर्धा तास हीटर आणि पाच मिनिटांवर मुलांची शाळा, असं आठवडाभर केलं तर शुक्रवारी सेल्फ नुसताच कटकट करतो.

एक चूक जिवावर बेतणारी आहे. बंद गॅरेजमध्ये, किंवा टायमर लावलेली गाडी गॅरेजमध्ये ठेवून, हीटर चालू देऊ नका. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नसतो. पेट्रोल पंपावरही हीटर बंदच हवा, कारण आत उघडी ज्योत असते.

रात्रभर ब्लॉक हीटर

स्वीडन, नॉर्वे, फिनलंडमध्ये राहणाऱ्यांकडे निघण्याआधी इंजिन गरम करणारा, प्लगवर चालणारा ब्लॉक हीटर असतो, डेफा किंवा कॅलिक्सचा, साधारण ५०० वॅटचा. शून्याच्या आसपास तासभर पुरतो, उणे २० ला तीन तास. त्यापुढे जेवढी उष्णता आत जाते तेवढीच बाहेर जाते, मीटर तेवढा फिरत राहतो. टायमर लावा.

डिझेलमध्ये पेट्रोल

उणे १५ चा अंदाज आला की गावाहून काकांचा फोन येतो: “अरे, दोन लिटर पेट्रोल टाक, गोठत नाही.” त्यांच्या जुन्या जीपला ते चालून गेलं असेल. कॉमन रेलच्या, म्हणजे आजच्या डिझेल इंजिनच्या, हाय-प्रेशर पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं, पेट्रोल मिसळलं की पंप घासला जातो. गरजही नाही. जर्मनीत १६ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर पंपावर उणे २० पर्यंत फिल्टरमधून वाहणारं डिझेलच मिळतं. धोका त्यांना, ज्यांची गाडी सप्टेंबरमध्ये भरलेल्या टाकीवर डिसेंबरपर्यंत उभी असते. भारतात लडाखला गाडी नेणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं: इंडियन ऑइलने २०१९ मध्ये तिथे हिवाळी डिझेल आणलं, उणे ३३ ला न गोठणारं. मैदानी भागात भरलेल्या टाकीच्या भरवशावर वर रात्र काढू नका.

आणि गोठलंच, तर पुन्हापुन्हा सेल्फ मारू नका, ॲडिटिव्ह ओतू नका. गोठल्यावर त्याचा उपयोग नसतो. गाडी ढकलत किंवा टो करून उबदार गॅरेजमध्ये न्या, काही तास राहू द्या, फिल्टर बदला आणि वरून ताजं हिवाळी डिझेल भरा.