रिमोटवरून ऑटोवर आणि परत: रोव्हरच्या सेटिंगमधल्या या चुका टाळा

पिक्सहॉक हा ऑटोपायलट (गाडी स्वतः चालवणारा) बोर्ड आणि त्यावर आर्डूपायलटचं रोव्हर फर्मवेअर, म्हणजे जमिनीवरच्या गाड्यांसाठीचा प्रोग्राम, असलेल्या गाडीला हुकूम देणारे साधारण तिघं असतात: हातातला ट्रान्समीटर, टेलिमेट्री रेडिओने (माहिती आणि हुकुमांची ने-आण करणाऱ्या रेडिओने) जोडलेला लॅपटॉप आणि गाडीवर बसवलेला रास्पबेरी पाय हा छोटा संगणक (पुढे नुसता ‘पाय’). प्रत्येकाची वाट वेगळी, आणि वाट तुटल्यावर काय करायचं याचे नियमही वेगळे. गाडी रिमोटवरून ऑटोवर किंवा ऑटोवरून रिमोटवर नेताना जे बिघडतं, ते बहुतेक वेळा या तिघांपैकी गाडी आत्ता कोणाचं ऐकते आहे हे ठाऊक नसल्याने बिघडतं. खालची पॅरामीटरची (सेटिंगची) नावं रोव्हर ४ मालिकेतली आहेत. नव्या आवृत्तीत काही पॅरामीटरची नावं बदललेली दिसतील.

तीन जागांचा स्विच, सहा खणांची यादी

मोड कोणत्या चॅनेलवरून (ट्रान्समीटरच्या कोणत्या स्टिक किंवा स्विचच्या सिग्नलवरून) बदलायचा हे मोड_सीएच ठरवतं. मूळ सेटिंग आठव्या चॅनेलचं आहे. त्या चॅनेलवरच्या पल्सच्या रुंदीनुसार सहा खण पडतात: १२३० मायक्रोसेकंदांपर्यंत पहिला, १३६० पर्यंत दुसरा, १४९० पर्यंत तिसरा, १६२० पर्यंत चौथा, १७४९ पर्यंत पाचवा आणि त्यापुढे सहावा. तीन जागांचा साधा स्विच साधारण १०००, १५०० आणि २००० देतो. म्हणजे खण लागतात पहिला, चौथा आणि सहावा. नवीन माणूस मोड१, मोड२, मोड३ भरून मोकळा होतो आणि मग ‘ऑटो लागतच नाही’ म्हणून जीपीएस तपासत बसतो.

मोड१ला मॅन्युअल (गाडी स्टिकने चालते), मोड४ला होल्ड (गाडी थांबते) आणि मोड६ला ऑटो (गाडी साठवलेल्या मार्गावर, म्हणजे मिशनवर, स्वतः चालते) द्या. होल्ड मधल्या जागेवर ठेवण्याचं कारण पुढे ओव्हरराइडच्या भागात येईल. आणि होल्ड म्हणजे ब्रेक नव्हे, फक्त मोटर शून्यावर. उतारावर गाडी घरंगळू शकते.

स्विच मॅन्युअलवरच आहे, तरी गाडी ऐकत नाही

मोडचा स्विच सतत वाचला जातो, पण मोड बदलतो तो स्विचची जागा बदलली तरच. समजा स्विच मॅन्युअलवर आहे आणि लॅपटॉपवरून कोणी गाडी ऑटोवर टाकली. आता गाडी ऑटोतच राहणार. हातातला स्विच मॅन्युअल दाखवतो, म्हणून चालवणारा स्टिक हलवत राहतो आणि गाडी पुढच्या वेपॉइंटकडे (मिशनमधल्या ठरलेल्या बिंदूकडे) निघून जाते. ताबा घ्यायचा तर स्विच दुसऱ्या जागी न्यायचा, क्षणभर थांबायचं आणि मग मॅन्युअलवर आणायचा. नवी जागा ग्राह्य धरायला सुमारे २०० मिलिसेकंद लागतात. फटकन पुढे-मागे केलेला स्विच गाडीच्या लेखी हललेलाच नसतो.

फेलसेफनंतरही (सिग्नल तुटल्यावर गाडी स्वतः करते त्या सुरक्षेच्या कृतीनंतरही) हेच. सिग्नल गेला, गाडी होल्डमध्ये गेली, सिग्नल परत आला, तरी ती होल्डमध्येच राहते. बिघाड समजून बॅटरी काढू नका, स्विच हलवा.

एकाच मैदानावर दोन माणसं असतील तर मोड लॅपटॉपवरून बदलायचा की ट्रान्समीटरवरून, हे आधी ठरवून घ्या. दोन्हीकडून बदलण्याची मुभा ठेवली की वरचा प्रकार हमखास होतो.

थ्रॉटलची स्टिक खाली राहिलेली

ड्रोनसाठी घेतलेला ट्रान्समीटर गाडीला वापरला की हा धोका येतो. त्याची थ्रॉटल, म्हणजे वेगाची, स्टिक सोडली तरी खालीच राहते. रोव्हरमध्ये १५०० म्हणजे थांबा आणि खालचं टोक म्हणजे पूर्ण रिव्हर्स. ऑटोमध्ये स्टिककडे कोणाचं लक्ष नसतं. मॅन्युअलवर आणल्याबरोबर गाडी उलटी सुसाट सुटते, आणि मागे बहुधा आपणच उभे असतो. थ्रॉटलला मधे आणणारी स्प्रिंग बसवा. ती येईपर्यंत ऑटोतून थेट मॅन्युअलवर न येता होल्डवर थांबा, स्टिक मधे आणा आणि मग पुढे जा.

रिसीव्हर शेवटचा हुकूम धरून बसतो

ही या यादीतली सर्वात घातक चूक. गाडीवरच्या अनेक रिसीव्हरमध्ये (ट्रान्समीटरचा सिग्नल घेणाऱ्या यंत्रात) सिग्नल गेल्यावर शेवटची किंमत तशीच देत राहण्याची सोय असते आणि काहींत मूळ सेटिंगच तसं असतं. ऑटोपायलटला पल्स नीट मिळत असतात, म्हणून त्याच्या मते सगळं ठीक. गाडी शेवटच्या थ्रॉटलने चालत राहते. एफएस_टीएचआर_एनेबल १ (म्हणजे थ्रॉटल फेलसेफ चालू) असलं तरी त्याचा काही उपयोग होत नाही.

रिसीव्हरचं फेलसेफ ‘नो पल्सेस’वर (पल्स पूर्ण थांबवण्यावर) ठेवा. ते जमत नसेल तर सिग्नल गेल्यावर थ्रॉटलची किंमत मुद्दाम फार खाली जाईल असं करा. स्टिकची सर्वात खालची किंमत १००० असेल तर ट्रान्समीटरवर एंड पॉइंट (स्टिकच्या टोकाची मर्यादा) तात्पुरता १२० टक्के करून साधारण ९०० ही किंमत रिसीव्हरच्या फेलसेफमध्ये नोंदवा, एंड पॉइंट परत १०० करा आणि एफएस_टीएचआर_व्हॅल्यू (थ्रॉटल ज्याच्या खाली गेलं की फेलसेफ लागतं तो आकडा) ९५० ठेवा.

हा आकडा ड्रोनच्या सेटिंगमधून डोळे मिटून उचलू नका. ड्रोनमध्ये खालचं टोक म्हणजे बंद मोटर, इथे ते रोजच्या वापरातलं रिव्हर्स आहे. काही रिसीव्हर खालच्या टोकाला ९८८ देतात. तिथे एफएस_टीएचआर_व्हॅल्यू १००० ठेवली की पूर्ण रिव्हर्स दिल्यावर दीड सेकंदात गाडी आपोआप थांबते. दीड सेकंद हे एफएस_टाइमआउटचं मूळ मूल्य आहे. ‘पुढे नीट जाते, रिव्हर्समध्ये बंद पडते’ ही तक्रार असेल तर मोटर ड्रायव्हर उघडण्याआधी हा आकडा बघा. एफएस_टीएचआर_व्हॅल्यूचं मूळ मूल्य ९१० आहे, आणि ज्यांचा रिसीव्हर पल्स थांबवतो त्यांना ते बदलायची गरजच नाही.

ओव्हरराइडमध्ये आठही चॅनेल भरणं

लॅपटॉपच्या जॉयस्टिकवरून किंवा पायथन स्क्रिप्टमधून गाडी चालवायची तर बहुतेक जण आरसी ओव्हरराइडचा, म्हणजे ट्रान्समीटरऐवजी संगणकाने चॅनेलच्या किमती देण्याचा, मॅव्हलिंक संदेश पाठवतात (मॅव्हलिंक ही गाडी आणि संगणकाची संदेशांची भाषा). उदाहरणाच्या कोडमध्ये दोन चॅनेलच्या किमती खऱ्या असतात आणि बाकी सहांत १५०० भरलेलं असतं. पण आठवा चॅनेल मोडचा आहे. त्यावर १५०० गेलं की चौथा खण लागतो. तिथे ऑटो ठेवलेला असेल तर स्क्रिप्ट सुरू होताच गाडी मिशनवर निघते. म्हणून चौथ्या खणात होल्ड ठेवायचा: चूक झालीच तर गाडी निदान थांबेल.

पहिल्या आठ चॅनेलसाठी ६५५३५ म्हणजे ‘या चॅनेलला हात लावू नको’ आणि ० म्हणजे ‘चॅनेल ट्रान्समीटरला परत दे’. नवव्यापासून पुढे अर्थ बदलतो: तिथे ० आणि ६५५३५ दोन्हींचा अर्थ ‘दुर्लक्ष कर’, आणि चॅनेल सोडायला ६५५३४ पाठवावं लागतं. स्क्रिप्ट संपताना वापरलेले चॅनेल सोडून द्या.

सोडले नाहीत, किंवा स्क्रिप्ट मधेच कोसळली, तर आरसी_ओव्हरराइड_टाइम संपेपर्यंत शेवटची किंमत चालू राहते. मूळ मूल्य ३ सेकंद. ताशी ७ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला जवळपास २ मीटर वेग धरला तर गाडी ६ मीटर बेवारस चालते. हे १ सेकंदावर आणा आणि संदेश सेकंदाला निदान पाच वेळा पाठवा. इथे उणे १ टाकलं तर ओव्हरराइड कधीच संपत नाही. ते कोणी टाकू नये. एक मोकळा स्विच ‘आरसी ओव्हरराइड एनेबल’ला द्या. त्या चॅनेलच्या ऑप्शनमध्ये ४६ भरायचं. स्विच खाली केला की स्क्रिप्टचा हुकूम बंद आणि स्टिक चालू.

दोघांचा आयडी २५५

मिशन प्लॅनर आणि क्यूग्राउंडकंट्रोल ही लॅपटॉपवरची ग्राउंड स्टेशन सॉफ्टवेअर दोन्ही स्वतःचा सिस्टीम आयडी २५५ सांगतात. पायमॅव्हलिंक या पायथन लायब्ररीने जोडलेली स्क्रिप्टही, वेगळं काही लिहिलं नाही तर, २५५च सांगते. एफएस_जीसीएस_एनेबल (ग्राउंड स्टेशनचं फेलसेफ) चालू असेल तर गाडी २५५ कडून येणाऱ्या हार्टबीटवर (‘मी आहे’ सांगणाऱ्या नियमित संदेशावर) नजर ठेवते. लॅपटॉप बंद पडला, पण गाडीवरचा पाय त्याच आयडीने हार्टबीट पाठवतो आहे, तर ग्राउंड स्टेशन गेल्याचं गाडीला कळणारच नाही. फेलसेफ सेट केलेलं असतं, चाचणीत मात्र लागत नाही, याचं हे नेहमीचं कारण.

पायला गाडीचाच सिस्टीम आयडी १ आणि कंपोनंट आयडी १९१ द्या. मग मात्र त्याचे ओव्हरराइड संदेश गाडी नाकारेल, कारण ते फक्त सिसआयडी_मायजीसीएसमधल्या (गाडीने मानलेल्या ग्राउंड स्टेशनच्या) आयडीकडून स्वीकारले जातात. हे चांगलंच आहे. स्वयंचलित प्रोग्रामने स्टिकचं सोंग घेण्याऐवजी गाइडेड मोडमध्ये वेग आणि दिशेचे हुकूम द्यावेत. वेगाचे हुकूम ३ सेकंद थांबले की रोव्हर स्वतः उभा राहतो, म्हणून ते सेकंदाला एकदा तरी पाठवत राहा.

एफएस_जीसीएस_एनेबल मुळात बंद असतं. १ केलं तर ऑटोतही दुवा तुटल्यावर एफएस_अॅक्शनमध्ये ठरवलेली कृती लागू होते, २ केलं तर ऑटो मिशन चालू राहतं. मिशन बोर्डवरच साठवलेलं असल्याने मोठ्या शेतात ऑटो चालवताना २ सोयीचं पडतं. माणसांच्या वर्दळीत १च.

तार आणि रेडिओ

टेलिमेट्रीच्या दोन्ही रेडिओंचा नेट आयडी, एअर स्पीड (हवेतून डेटा पाठवण्याचा वेग), वारंवारतेची खालची-वरची मर्यादा आणि चॅनेलची संख्या तंतोतंत सारखी हवी. भारतात ९१५ मेगाहर्ट्झचा संच सर्रास विकत मिळतो, पण विनापरवाना वापराचा पट्टा ८६५ ते ८६८ चा आहे. ५७६०० बॉडवर (तारेवरच्या वेगावर) सेकंदाला जास्तीत जास्त ५७६० बाइट जातात. एसआर१ गटातले, म्हणजे गाडीने माहिती पाठवण्याचे, दर १० हर्ट्झवर ठेवले की दुवा भरतो आणि मोड बदलण्याचा हुकूम उशिरा पोहोचतो किंवा हरवतो. २ ते ४ हर्ट्झ पुरे.

पाय टेलिम२ वर (बोर्डच्या दुसऱ्या टेलिमेट्री पोर्टवर) जोडताना सिरीयल२_प्रोटोकॉल २ आणि सिरीयल२_बॉड ९२१ ठेवा. टीएक्स-आरएक्स उलटसुलट (एकाचा टीएक्स दुसऱ्याच्या आरएक्सला) जोडा आणि ग्राउंडची तार विसरू नका. तीनच तारा असतील तर बीआरडी_एसईआर२_आरटीएससीटीएस ० करा. पायवर सिरीयल पोर्टचा लॉगिन कन्सोल बंद नसेल तर तो बूट होताना बोर्डकडे कचरा पाठवतो. पायचा २.४ गिगाहर्ट्झ वाय-फाय आरसी रिसीव्हरच्या अँटेनाशेजारी असेल तर तो ५ गिगाहर्ट्झवर न्या.

ऑटोवर परत जाताना

एमआयएस_रीस्टार्ट ० असेल तर मिशन थांबलं होतं तिथून पुढे चालू होतं, १ असेल तर पहिल्यापासून. मॅन्युअलमध्ये गाडी दूर नेली असेल तर ऑटो लावताच ती अर्धवट राहिलेल्या वेपॉइंटकडे वळते, मधे काय आहे ते न बघता.

चाचणी, चाकं वर करून

गाडी ठोकळ्यांवर ठेवा, चाकं जमिनीपासून सुटी. मॅन्युअल, गाइडेड आणि ऑटो या प्रत्येक मोडमध्ये चाकं फिरत असताना आळीपाळीने ट्रान्समीटर बंद करा, टेलिमेट्री रेडिओ काढा, स्क्रिप्ट मारून टाका. दर वेळी चाकं किती वेळाने थांबली आणि गाडी कोणत्या मोडमध्ये गेली ते लिहून ठेवा. ऑटो घराबाहेरच तपासा, कारण जीपीएस स्थान पक्कं झाल्याशिवाय तो मोड लागणार नाही. मोटरचा पुरवठा तोडणारं तांबडं बटण वेगळं हवं. ट्रान्समीटरवरचा मोटर स्टॉप त्याची जागा घेत नाही, कारण तोही त्याच आरसी दुव्यावरून येतो.

मैदानात मोड अचानक बदलला आणि कोणी बदलला यावर वाद सुरू झाला तर बोर्डवरच्या लॉगमध्ये ‘मोड’ ही नोंद उघडा. तिच्यात कारणाचा आकडा असतो: १ म्हणजे ट्रान्समीटरचा स्विच, २ म्हणजे मॅव्हलिंकवरून आलेला हुकूम, ३ रेडिओ फेलसेफ, ४ बॅटरी, ५ ग्राउंड स्टेशन फेलसेफ. २ आला तर लॅपटॉप आणि पाय दोघांवरही संशय ठेवा, कारण पायने पाठवलेला हुकूमही २ म्हणूनच नोंदला जातो. गाडी आर्म होण्याआधीच्या (मोटर फिरवायची मुभा मिळण्याआधीच्या) नोंदी हव्या असतील तर लॉग_डिसआर्म्ड १ करून ठेवा.