इयादानीजीच्या ५४० पायऱ्या: या चुका टाळा

जपानच्या शिकोकू बेटावरच्या ८८ मंदिरांच्या यात्रेत याहून उंच देवळं बरीच आहेत. सगळ्यांत उंचावरच्या ६६व्या उन्पेनजीला निदान रोपवे तरी आहे. कागावा प्रांतातलं ७१वं इयादानीजी त्या मानानं बुटकंच, तरी चुका इथे जास्त होतात. कारण चढताना मंडप ज्या क्रमानं लागतात, त्याच्या नेमक्या उलट क्रमानं दर्शन घ्यायचं असतं.

पहिला मंडप लागला की बूट काढणं

यात्रेतल्या प्रत्येक मंदिरात दर्शनाच्या दोन जागा असतात. होंदो म्हणजे मुख्य मंडप. इथे तो सहस्रभुज अवलोकितेश्वराचा आहे. दुसरा दाइशीदो, शिंगोन या जपानी बौद्ध पंथाचे संस्थापक कूकाई (७७४–८३५) यांचा. आधी होंदो, मग दाइशीदो आणि शेवटी यात्रेच्या वहीत त्या मंदिराचा शिक्का, हा क्रम.

इयादानीजीत २६२ पायऱ्या चढलात की मोठी बोधिसत्त्वमूर्ती लागते. तिथून १०८ पायऱ्यांचा सरळ जिना, आणि जिना संपतो तो दाइशीदोपाशी. धाप लागलेली असते, समोर मंडप असतो, शिक्क्याची खिडकीही त्याच इमारतीत. माणूस बूट काढतो, दर्शन घेतो, शिक्का घेतो आणि मग त्याला कळतं की होंदो अजून १७० पायऱ्या वर आहे. पुन्हा नाड्या बांधा, वर जा, नाहीतर हळूच खाली सटका. बरेच जण सटकतात.

म्हणून १०८ संपल्यावर दोन मिनिटं दम खा, पण नाड्यांना हात लावू नका. थेट वर चला. होंदोच्या खालच्या कड्यात अमिताभ बुद्ध आणि दोन बोधिसत्त्व कोरलेले आहेत. दगड झिजलाय, त्यामुळे नजर ठरायला वेळ लागतो. लेणी पाहत वाढलेल्या माणसाला मात्र तिथून पाय निघत नाही. होंदोचं दर्शन आटोपून खाली आलात की दाइशीदोत बूट एकदाच काढावे लागतात. मंडपाच्या मागच्या अंगाला गुहा आहे. कूकाई लहानपणी तिथे अभ्यासाला बसत, असं परंपरा सांगते. ती पाहा आणि मग वही पुढे करा.

उलट बाजूची चूक खास आपली: देऊळ आलं म्हणून पायऱ्यांपाशीच चपला काढणं. आवारात बूट घालूनच फिरायचं असतं. ते उतरवायचे ते चटया अंथरलेल्या मंडपात शिरतानाच. मोजे भोक नसलेले घाला.

वेळेचं गणित

एप्रिल २०२४ पासून शिक्क्याची खिडकी सकाळी ८ ते संध्याकाळी ५ उघडी असते आणि वहीतल्या शिक्क्याला ५०० येन पडतात. जुन्या माहितीत सकाळी ७ आणि ३०० येन सापडतील. त्या भरवशावर निघालात तर तासभर थंडीत उभे राहाल. पायथ्यापासून होंदोपर्यंत सामान्य चालीनं अर्धा तास, दोन्ही मंडपांत मिळून तेवढाच वेळ, शिवाय उतरणं. साडेचारला पायथ्याशी पोचलात तर दर्शन होईल, शिक्का मिळणार नाही. साडेतीन ही शेवटची वेळ धरा.

७१ ते ७७ ही सात मंदिरं एका दिवसात चालत करायची पद्धत आहे. अंतर साधारण १५-१६ किलोमीटर. झेन्त्सुजी (७५) रेल्वे स्टेशनाला जवळ, म्हणून पुष्कळ जण तिथून सुरुवात करतात आणि इयादानीजी संध्याकाळसाठी ठेवतात. थकल्या पायांनी ५४० पायऱ्या चढणं एक वेळ जमेल. ओल्या दगडावर काळोखात उतरणं नको. सकाळी ८ला इथूनच सुरुवात करा. पुढे मांदाराजीपर्यंतचे (७२) साडेतीन किलोमीटर बहुतेक उताराचे आहेत.

मेणबत्ती, अगरबत्ती, चिठ्ठी

एका मंडपाला एक मेणबत्ती, तीन अगरबत्त्या, एक नामचिठ्ठी आणि एक नाणं. सात मंदिरांचे चौदा मंडप, म्हणजे १४ मेणबत्त्या, ४२ अगरबत्त्या, १४ चिठ्ठ्या. शिक्क्यांचे ३,५०० येन रोख आणि शक्यतो सुटे ठेवा. मेणबत्ती मागच्या किंवा वरच्या ओळीत लावा, अगरबत्त्या मधोमध खोचा. कडेला लावल्यात तर पुढच्याचा हात भाजतो.

ज्योतीनं ज्योत लावायची आपली सवय इथे आवरा. दुसऱ्याच्या मेणबत्तीवरून आपली पेटवली तर त्याचं कर्म आपल्याकडे येतं, असं इथे मानतात. वाऱ्यात न विझणारा लायटर खिशात असू द्या.

नामचिठ्ठीला ओसामेफुदा म्हणतात. लाल रंग शुभ म्हणून लाल गठ्ठा घेऊ नका. रंग यात्रेच्या संख्येवर ठरतो: पहिल्या चार फेऱ्यांना पांढरा, पाचव्यापासून हिरवा, आठव्यापासून लाल, पंचविसाव्यापासून चंदेरी, पन्नासाव्यापासून सोनेरी. तारीख, गाव, नाव रात्रीच लिहून ठेवा. मंडपातल्या चिठ्ठ्यांच्या पेटीपुढे उभं राहून लिहायला लागलात की मागे रांग तुंबते. पेटीत कुणाची सोनेरी चिठ्ठी दिसली तरी उचलायची नाही.

छोट्या पण हटकून होणाऱ्या

टाळ्या वाजवणं शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माच्या, देवस्थानांतलं. इथे नुसते हात जोडा. पठण करायचं तर मंडपाच्या बाजूला उभं राहून करा, मधली वाट अडवू नका. जपानी येत नाही म्हणून गप्प राहायचं कारण नाही: होंदोत ऐकू येणारं ‘ओन बसारा तारामा किरिकु’ म्हणजे ॐ वज्रधर्म ह्रीः, आणि हृदयसूत्र या बौद्ध पाठाच्या शेवटचं ‘ग्याते ग्याते’ म्हणजे आपलं ‘गते गते’.

घंटा दर्शनाआधीच वाजवायची. परतताना वाजवली तर पुण्य परत जातं म्हणतात. वाजवू नका अशी पाटी असेल तर तीही पाळा.

यात्रेकरूंच्या काठ्या सगळ्यांच्या सारख्याच दिसतात. मंडपाबाहेरच्या घोडीत ठेवण्याआधी आपल्या काठीला रंगीत दोरा बांधा, नाहीतर दुसऱ्याची घेऊन ७२ला पोचाल. वाटेत पूल लागला की काठी टेकवत नाहीत, कारण कूकाईंनी एक रात्र पुलाखाली काढली होती अशी कथा आहे.

वही देताना प्लास्टिकचं वेष्टण काढून ७१चंच पान उघडून द्या. शाई ओली असते. टिपकागद घातल्याशिवाय वही मिटलीत तर समोरच्या पानावर शिक्का उलटा उमटतो, आणि तो पुसता येत नाही.