हिवाळ्यात बागेतली शिल्पवाट पाहताना

नाताळाच्या दिवसांत इंग्लंडमधल्या काही जुन्या वाड्यांच्या बागांमध्ये शिल्पांची वाट मांडली जाते. ती पाहायला सूर्यास्ताच्या दीड तास आधी पोहोचा. काड्यांनी विणलेल्या हरणाच्या मानेवरची वीण दिवसाउजेडीच कळते आणि दिवे लागल्यावरची शोभाही त्याच फेरीत पाहून होते. लंडनकडे डिसेंबरात सूर्य चारच्या आत मावळतो, म्हणजे अडीचच्या आत फाटकाशी हवं. तिकिटावर बंद होण्याची नव्हे, शेवटच्या प्रवेशाची वेळ बघा.

बुटाचा तळ खाचांचा हवा. मोजे लोकरीचे, एकच जोडी. दोन चढवले की बूट आवळतो, रक्त नीट फिरत नाही आणि बोटं उलट जास्त गारठतात. बाबागाडीची चाकं खडीत रुततात, तान्ह्याला झोळीत घेतलेलं बरं.

दंव पडलेल्या हिरवळीवर फोटोसाठीसुद्धा पाऊल टाकू नका. गोठलेल्या पात्याच्या पेशी दाबाने फुटतात आणि काही दिवसांनी तिथे तपकिरी पावलं उमटतात. ती बरेच दिवस जात नाहीत.

बागेतले मूळ संगमरवरी पुतळे झाकलेले दिसले तर हिरमुसू नका. दगडाच्या छिद्रांत मुरलेलं पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि दगड तडकतो. फ्रान्समधल्या व्हर्सायच्या राजवाड्याच्या बागेतही हिवाळ्यात पुतळ्यांना आच्छादन घालतात. असे पुतळे उघडे पाहायचे असतील तर उन्हाळ्यात वेगळी फेरी मारा.

थंडीत फोनची बॅटरी झपाट्याने उतरते, म्हणून तो आतल्या खिशात ठेवा. रोषणाईचे फोटो सूर्यास्तानंतरच्या पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांत काढा. आभाळ निळं असतं, शिल्पाची कड सुटून दिसते.