फ्लायसाठी गावठी कोंबड्याची पिसं

फ्लाय म्हणजे मासे पकडायला गळावर पिसं बांधून केलेलं किड्यासारखं आमिष. ती बांधायला लागणारी तयार पिसं बाहेरून मागवली की महाग पडतात. आपल्या कोल्हापुरात गावठी कोंबडा कापला की तीच पिसं कचऱ्यात जातात. चिकनवाल्या मामांना आधी सांगून ठेवा: मानेची पिसं कातडीसकट द्या, गरम पाण्यात बुडवू नका.

१. कातडीची चरबी आणि मांस बोथट सुरीनं खरवडून काढा. कंटाळवाणं आहे, पण वास येतो तो इथूनच.
२. कोमट पाण्यात शाम्पूनं दोनदा धुवा.
३. आतून मीठ चोळून, पुठ्ठ्यावर टाचून सावलीत वाळवा.
४. पिशवीत बंद करून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा, म्हणजे कीड मरते.

बांधताना पीस वाकवून बघा. उभे राहिलेले तंतू गळाच्या टोक-दांड्यातल्या अंतराच्या दीडपट असले की माप बरोबर. ताठ, चकचकीत पिसं तरंगत्या फ्लायला. भोगावती-पंचगंगेच्या संथ पाण्यात चिलापी माशासाठी मात्र मला कोंबडीची मऊ पिसंच जास्त आवडतात. पाण्यात ती जिवंत हलतात.

पावसाळ्यात हे काम करू नका. कातडी अर्धवट ओली राहिली तर सगळं सडतं.